नथॅनिएल बँक्स: सभापतीच्या खुर्चीतून रणांगणावर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५; गुलामगिरी ठेवणारी दक्षिणेची राज्यं संघराज्यातून फुटली, त्यांच्याविरुद्ध उत्तरेची राज्यं) उत्तरेच्या बाजूने लढलेल्या ‘राजकारणी जनरलां’बद्दल वाचताना बँक्सचं नाव सारखं येतं, आणि बहुतेक वेळा चेष्टेनेच येतं. चेष्टेला कारणं आहेत, पण ती नीट समजून घ्यायची तर नेमणुका कशा झाल्या, रस्ते कसे होते, नदीला पाणी किती होतं, इतक्या खोलात जावं लागतं. म्हणून इथली काही उत्तरं लांबली आहेत.

नथॅनिएल बँक्स कोण होता?

जन्म ३० जानेवारी १८१६, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थम गावी. मृत्यू तिथेच, १ सप्टेंबर १८९४ रोजी. मधल्या काळात राज्याच्या विधानसभेचा सभापती, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचा सभापती, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, यादवी युद्धात मेजर जनरल आणि पुन्हा खासदार. युद्धापूर्वी त्याने सैन्यात एक दिवसही नोकरी केलेली नव्हती.

तो खरंच गिरणीकामगार होता, की ती निवडणुकीतली बतावणी?

खरंच होता. वॉल्थमची बॉस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी म्हणजे अमेरिकेत सूतकताई आणि विणकाम यंत्रांवर एकाच छताखाली सुरू करणारी पहिली गिरणी. बँक्सचे वडील तिथे मुकादम होते. शाळा लवकर सोडून मुलगाही आत गेला. साच्यांवरच्या रिकाम्या बॉबिन काढायच्या आणि भरलेल्या चढवायच्या, हे त्याचं काम. पुढे ‘बॉबिन बॉय’ हे बिरुद त्याने प्रत्येक निवडणुकीत पुरेपूर वापरलं, पण ते खोटं नव्हतं.

गिरणीतून सुटल्यावर तो व्याख्यानं ऐके, वादविवाद मंडळात बोले, हौसेने नाटकात काम करी. मग वर्तमानपत्राचं संपादन, बॉस्टनच्या जकात कचेरीत नोकरी आणि १८३९ मध्ये वकिलीची सनद. वकिलीत जम बसला नाही. आवाज खणखणीत होता, पोशाख टापटीप असे आणि सभा जिंकायची कला अंगात होती. पुढे जनरल झाल्यावर गणवेशही तसाच कडक इस्त्रीचा. सैनिक त्यावर हसत, पण बोलायला उभा राहिला की ऐकतही.

सभापतिपदासाठी १३३ फेऱ्या झाल्या म्हणतात. इतक्या कशा?

चौतिसावी काँग्रेस (अमेरिकेची संसद) ३ डिसेंबर १८५५ रोजी भरली तेव्हा जुना व्हिग पक्ष मोडला होता आणि रिपब्लिकन पक्ष पुरता उभा राहिलेला नव्हता. कॅन्सस प्रदेशात गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावरून सभागृह फाटलं होतं. सभापती व्हायला हजर सदस्यांचं स्पष्ट बहुमत लागे आणि कोणत्याच गटाकडे ते नव्हतं. सभापती नाही म्हणजे समित्या नाहीत, विधेयकं नाहीत, कामकाज ठप्प. रोज उठून मतदान करायचं आणि घरी जायचं, असं दोन महिने चाललं.

कोंडी नियम बदलून फुटली. आणखी तीन फेऱ्यांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या फेरीत ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला असं धरायचं, असा ठराव झाला. २ फेब्रुवारी १८५६ रोजी १३३व्या फेरीत बँक्सला १०३ आणि साउथ कॅरोलायनाच्या विल्यम एकनला १०० मतं पडली. सभापतीची इतकी लांबलेली निवड अमेरिकेत त्याआधीही झाली नव्हती आणि नंतरही नाही.

सभापती म्हणून बँक्स निःपक्षपाती होता, हे विरोधकही मान्य करत. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हेच काम त्याला सर्वांत चांगलं जमलं, असं आमचं मत आहे.

त्याने पक्ष किती वेळा बदलले?

डेमोक्रॅट म्हणून १८५२ साली प्रतिनिधीगृहावर निवडून आला. १८५४ मध्ये स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या ‘नो-नथिंग’ पक्षाच्या पाठिंब्यावर. मग रिपब्लिकन. १८७२च्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्रँटच्या विरोधात होरेस ग्रीलीच्या बाजूला, १८७४ मध्ये अपक्ष, आणि शेवटी परत रिपब्लिकन. वारा कुठल्या बाजूने वाहतो ते त्याला बरोबर कळे.

एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी. १८५५ मध्ये मेन राज्यातल्या एका भाषणात तो म्हणाला होता की विशिष्ट परिस्थितीत संघराज्य निसटू द्यायलाही आपली हरकत नाही. हे वाक्य विरोधकांनी त्याला आयुष्यभर ऐकवलं. सहाच वर्षांनी तेच संघराज्य टिकवायला तो तलवार लावून निघाला.

लष्करी शिक्षण नसताना थेट मेजर जनरल कसा झाला?

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेचं कायम सैन्य जेमतेम १६,००० होतं आणि तेही पश्चिमेच्या चौक्यांवर विखुरलेलं. लिंकनला लाखो स्वयंसेवक हवे होते आणि ते राज्यांमधून, म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांच्या शब्दावर येणार होते. ज्या पुढाऱ्यामागे माणसं आणि मतं आहेत त्याला हुद्दा द्यायचा, की तो गटच युद्धाशी बांधला जातो. डेमोक्रॅटांना बांधायला बटलर आणि मॅक्लर्नंड, जर्मन स्थलांतरितांसाठी झीगल, आणि न्यू इंग्लंडच्या मध्यममार्गी रिपब्लिकनांसाठी बँक्स.

गव्हर्नरपदाच्या तीन मुदती संपवून बँक्स जानेवारी १८६१ मध्ये शिकागोला इलिनॉय सेंट्रल रेल्वेत मोठ्या पगारावर गेला होता. ती नोकरी सोडून त्याने १६ मे १८६१ची नेमणूक घेतली. त्याच तारखेचे आणखी दोन मेजर जनरल म्हणजे जॉन डिक्स आणि बेंजामिन बटलर. दोघेही राजकारणीच.

हुद्द्याच्या तारखेला इतकं महत्त्व का?

कारण दोन जनरल एकाच हुद्द्याचे असले, तर ज्याची तारीख आधीची तो वरिष्ठ. युद्ध लढून वर आलेला युलिसिस ग्रँट मेजर जनरल झाला फेब्रुवारी १८६२ मध्ये, म्हणजे बँक्सनंतर नऊ महिन्यांनी. १८६३ मध्ये मिसिसिपी नदीवर ग्रँट दक्षिणेच्या व्हिक्सबर्ग ठाण्यासमोर आणि बँक्स खाली त्यांच्याच पोर्ट हडसन ठाण्यासमोर होता. दोन्ही फौजा एकत्र आल्या असत्या, तर नियमाप्रमाणे सूत्रं बँक्सकडे गेली असती. आधी एकत्र पोर्ट हडसन घ्यावं, असा बेत कागदावर होताही. ग्रँट त्याची वाट न पाहता नदी ओलांडून सरळ व्हिक्सबर्गच्या मागे गेला. त्यामागे लष्करी कारणं भक्कम होती, पण ज्येष्ठतेचा हा पेच ठाऊक नसेल तर त्या उन्हाळ्यातला अर्धा पत्रव्यवहार कळत नाही.

‘कमिसरी बँक्स’ हे नाव कसं पडलं?

कमिसरी म्हणजे सैन्याला शिधा पुरवणारा अधिकारी. मे १८६२ मध्ये व्हर्जिनियाच्या शेनांडोआ खोऱ्यात बँक्सकडून इतकं सामान दक्षिणेच्या हाती लागलं की स्टोनवॉल जॅक्सनच्या सैनिकांनी त्यालाच आपला कमिसरी ठरवून टाकलं.

त्याची एक डिव्हिजन दुसरीकडे हलवली होती आणि स्ट्रासबर्गला त्याच्याकडे जेमतेम आठ-नऊ हजार माणसं उरली होती. जॅक्सनकडे सोळा-सतरा हजार. २३ मे रोजी जॅक्सनने बाजूच्या फ्रंट रॉयलवर झडप घालून तिथली सुमारे हजाराची तुकडी उडवली. म्हणजे तो बँक्सच्या बगलेत शिरला होता आणि विंचेस्टरचा परतीचा रस्ता कापू शकत होता.

त्या रात्री कर्नल जॉर्ज गॉर्डनने ताबडतोब मागे हटायचा आग्रह धरला. शत्रूच्या संगिनींपेक्षा आपल्याच मित्रांच्या मतांची भीती जास्त आहे, अशा अर्थाचं उत्तर बँक्सने दिलं, असं गॉर्डनने नंतर नोंदवलं. नकाशावर बगल उघडी पडली होती आणि हा माणूस उद्याच्या वर्तमानपत्राचा विचार करत होता. निघायला सकाळ उजाडली. २५ मे रोजी विंचेस्टरला फळी मोडली आणि फौज पोटोमॅक नदीपार पळाली. सुमारे २,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक कैद झाली. शस्त्रं, औषधं आणि शिधाही गेला.

न्याय करायचा तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. सुमारे ५०० गाड्यांपैकी बहुतेक त्याने नदीपार सुखरूप नेल्या. आणि एवढी लहान फौज तिथे उघड्यावर ठेवण्याचा निर्णय वॉशिंग्टनचा होता, त्याचा नव्हे.

सीडर माउंटनला त्याने दुप्पट फौजेवर हल्ला का केला?

९ ऑगस्ट १८६२. वरिष्ठ जनरल जॉन पोपचा हुकूम एका कर्नलने तोंडी आणला. बँक्सच्या माणसांनी तो लिहून घेतला, तरी शत्रू जवळ आला की लगेच हल्ला करावा की रोखून धरावं, यावर पुढे कायमचा वाद झाला. विंचेस्टरचा डाग धुवायला उतावळ्या झालेल्या बँक्सने हल्ला असा अर्थ घेतला.

सुरुवात अफलातून झाली. क्रॉफर्डच्या ब्रिगेडने गव्हाच्या कापलेल्या शेतातून धावत जाऊन जॅक्सनची डावी बाजू मोडली, इतकी की जॅक्सनला स्वतः पुढे येऊन माणसं आवरावी लागली. पण मोडलेल्या जागेत घुसवायला राखीव फौजच ठेवली नव्हती. काही मैलांवर रिकेट्सची ताजी डिव्हिजन उभी होती. तिला वेळेत बोलावणं गेलं नाही. मग ए. पी. हिलची डिव्हिजन आली आणि पारडं फिरलं. उत्तरेचे सुमारे २,३५० आणि दक्षिणेचे सुमारे १,४०० मेले, जखमी झाले किंवा हरवले. बँक्समध्ये धाडसाची कमतरता नव्हती, हे या लढाईत दिसतं. राखीव फौज हातात धरायची सवय त्याला नव्हती. सभेत जिंकायला सगळी मतं एकाच वेळी टाकावी लागतात, रणांगणात निम्मी खिशात ठेवावी लागतात.

त्याला न्यू ऑर्लिन्सला का पाठवलं?

डिसेंबर १८६२ मध्ये बटलरच्या जागी. बटलरने शहर लोखंडी हाताने चालवलं होतं, परदेशी वकिलातींशी भांडणं ओढवली होती आणि त्याच्या अवतीभोवतीच्या लोकांच्या व्यापाराची कुजबुज होती. लिंकनला गोड बोलून लुइझियाना परत संघराज्यात आणणारा माणूस हवा होता. न्यू इंग्लंडच्या गिरणीमालकांना हवा होता कापूस. बँक्स दोघांनाही पटणारा होता.

पोर्ट हडसनचा वेढा यशस्वी झाला ना? मग टीका कशाची?

ठाणं पडलं, हे खरं. २२ मे ते ९ जुलै १८६३, एकूण ४८ दिवस. आत फ्रँकलिन गार्डनरचे सुमारे ७,००० लोक, बाहेर बँक्सचे तीस हजारांच्या वर. टीका आहे ती दोन हल्ल्यांवर.

पहिला २७ मे रोजी. लेखी हुकुमात वेळच नव्हती. शक्य तितक्या लवकर सुरू करा, एवढंच. परिणाम असा की उजवीकडे वाइत्सेल पहाटे सहाच्या सुमारास पुढे गेला आणि डावीकडचा टी. डब्ल्यू. शर्मन दुपारी दोनच्या सुमारास. मधल्या सात-आठ तासांत गार्डनर आपली माणसं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आरामात फिरवत राहिला. जमीन घळींनी चिरलेली, घळींत तोडून टाकलेली झाडं. सुमारे २,००० माणसं पडली. तटाच्या आत गार्डनरची हानी काहीशेच.

दुसरा हल्ला १४ जूनचा. वेळ ठरवली, पण घळी त्याच होत्या. उत्तरेचे सुमारे १,८०० पडले, आतले पन्नासही नाहीत. नऊ महिन्यांच्या बोलीवर आलेल्या पलटणींची मुदत संपत आली होती आणि त्यांच्यात चुळबुळ वाढली होती. हल्ल्यांत पडले जवळजवळ तितकेच उष्माघात आणि आजारांनी आडवे झाले.

शेवटी भूक आणि बातमी कामी आली. आत खेचरं, मग उंदीर खाऊन झाले होते. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडल्याचं ७ तारखेला कळलं आणि गार्डनरने शरणागतीची बोलणी लावली. मिसिसिपी पूर्ण मोकळी झाली. काँग्रेसने बँक्सचे औपचारिक आभार मानले.

काळ्या सैनिकांच्या बाबतीत त्याची भूमिका काय होती?

दुटप्पी. गव्हर्नर असताना त्याने राज्याच्या नागरी सैन्याच्या कायद्यातून ‘गोरा’ हा शब्द काढण्याला नकाराधिकार वापरून अडवलं होतं. लुइझियानात मात्र त्याच्या हाताखाली ‘नेटिव्ह गार्ड्स’च्या काळ्या पलटणी आल्या. त्यात न्यू ऑर्लिन्सचे स्वतंत्र, शिकलेले, फ्रेंच बोलणारे लोक होते आणि काही काळे अधिकारीही.

२७ मेच्या हल्ल्यात पहिली आणि तिसरी नेटिव्ह गार्ड सर्वांत वाईट जागी, नदीकाठच्या पाणथळ बाजूने पुढे गेली. कॅप्टन आंद्रे कायू एक हात निकामी झाल्यावरही फ्रेंच आणि इंग्रजीत हुकूम देत पुढे राहिला आणि मारला गेला. त्याचं शव शरणागतीपर्यंत तिथेच पडून होतं. २९ जुलैला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्ते भरून गेले होते. बँक्सने अहवालात या पलटणींची तोंडभरून स्तुती केली. ‘कोर द’आफ्रिक’ या नावाने नव्या पलटणी उभारायचा हुकूम तर हल्ल्याआधीच निघाला होता. पण काळे अधिकारी त्याला नकोच होते. एकेकाला राजीनाम्यापर्यंत आणून त्यांच्या जागी गोरे नेमले. शिपाई चालतील, साहेब चालणार नाहीत, असा हा हिशेब होता आणि त्याची सारवासारव करायचं कारण नाही.

मुक्त झालेल्या गुलामांसाठी त्याने केलेली ‘मजुरी पद्धत’ काय होती?

३ फेब्रुवारी १८६४च्या हुकुमानुसार मळ्यांवर वर्षाचा करार. मजुराच्या वर्गाप्रमाणे महिना ३ ते ८ डॉलर. शिवाय शिधा, कपडे, राहायची जागा, औषधपाणी आणि मुलांना शाळा. उन्हाळ्यात दिवसाला १० तास काम, हिवाळ्यात ९. फटके मारायला बंदी. मालक निवडायचा हक्क, पण एकदा निवडला की वर्षभर बांधील आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर पडता येत नसे.

शाळांचं काम खरोखर मोठं झालं. पण परवाना आणि सक्तीचा करार यामुळे फ्रेडरिक डग्लससारख्या नेत्यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. दुसरीकडे, त्याच वर्षी बँक्सच्या देखरेखीखाली मायकल हान गव्हर्नर निवडला गेला आणि लुइझियानाच्या नव्या संविधानाने गुलामगिरी रद्द केली. मताचा हक्क मात्र गोऱ्यांपुरताच राहिला.

सॅबाइन पासला काय झालं?

८ सप्टेंबर १८६३. टेक्ससमध्ये पाय रोवायला सुमारे ५,००० माणसं जहाजांतून निघाली. खाडीच्या तोंडावर मातीच्या किल्ल्यात लेफ्टनंट डिक डाउलिंग, पन्नासाच्या आत आयरिश गोलंदाज आणि सहा तोफा. त्यांनी खाडीत अंतराच्या खुणा आधीच रोवून नेम पक्का केला होता. दोन गनबोटी पकडल्या गेल्या, बाकी ताफा परत फिरला. डाउलिंगचा एकही माणूस दगावला नाही.

रेड रिव्हर मोहीम नेमकी कशासाठी होती?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं आणि तिथेच ती बिघडली. वॉशिंग्टनला टेक्ससमध्ये झेंडा हवा होता, कारण मेक्सिकोत फ्रेंच येऊन बसले होते. बँक्सला लुइझियानाच्या निवडणुकीसाठी जास्त प्रदेश हवा होता. व्यापाऱ्यांना कापूस हवा होता. ग्रँटला ती मुळीच नको होती. त्याला बँक्सने अलाबामातल्या मोबाइल नावाच्या बंदरावर जावं असं वाटत होतं.

मार्च १८६४ मध्ये बँक्सचे सुमारे २०,०००, विल्यम शर्मनकडून (पोर्ट हडसनचा शर्मन वेगळा) उसने घेतलेले ए. जे. स्मिथचे १०,००० आणि अ‍ॅडमिरल पोर्टरचा आरमारी ताफा निघाला. उत्तरेकडून लिटल रॉकहून स्टील येऊन मिळायचा होता. लक्ष्य रेड रिव्हरकाठचं, लुइझियानातलं श्रेव्हपोर्ट शहर. स्मिथची माणसं एप्रिलच्या मध्यात परत करायची होती, म्हणजे घड्याळ पहिल्या दिवसापासून विरोधात.

कापसाचं काय झालं तेही सांगायला हवं. पोर्टरचे खलाशी गाड्या घेऊन मळ्यांवर जात, गाठींवर आधी दक्षिणेचा आणि मग आरमाराचा शिक्का मारत, म्हणजे माल शत्रूचा आणि त्यामुळे बक्षिसाचा ठरे. लिंकनच्या सहीचे परवाने घेऊन आलेले व्यापारी हात चोळत राहिले. हे पाहून दक्षिणेच्या फौजांनी पुढचा कापूस जाळायचा सपाटा लावला.

मॅन्सफील्डला पराभव कशामुळे झाला?

वाटेमुळे आणि गाड्यांच्या क्रमामुळे. ग्रँड एकोरपर्यंत फौज नदीकाठाने, तोफांच्या जहाजांच्या छायेत होती. तिथून पुढे बँक्सने नदी सोडून पाइनच्या जंगलातला आतला रस्ता धरला. नदीकाठच्या दुसऱ्या वाटेची नीट टेहळणीच झाली नाही. रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना झाडी, पाणी थोडं.

रांगेत पुढे अल्बर्ट लीचं घोडदळ, त्याच्या लगेच मागे घोडदळाच्याच तीनशेहून जास्त गाड्या आणि त्यांच्या मागे पायदळ. ८ एप्रिलला दक्षिणेच्या रिचर्ड टेलरने सुमारे ८,८०० माणसांनिशी मॅन्सफील्डजवळ रस्ता अडवला. लीने पायदळ मागितलं, पण ते गाड्यांना वळसा घालून तुकड्या-तुकड्यांनी आलं आणि तसंच तुकड्या-तुकड्यांनी फुटलं. मागे फिरायचं तर त्याच गाड्या आडव्या. गाडी वळवायलाही जागा नाही. सुमारे २,२०० माणसं (निम्म्याहून जास्त कैदी), २० तोफा आणि दीडशेवर गाड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्लेझंट हिलला स्मिथच्या माणसांनी टेलरला परतवलं. मैदान उत्तरेकडे राहिलं, तरी रात्री बँक्सने माघारीचा हुकूम दिला. तिथे माणसांना आणि जनावरांना पुरेल इतकं पाणी नव्हतं. स्मिथ संतापला, पण पाण्याची अडचण खोटी नव्हती. ती आठवडाभर आधी लक्षात यायला हवी होती.

बेलीचं धरण म्हणजे काय? ते बांधलं कसं?

या सगळ्या मोहिमेतलं एकच काम अभिमानाने सांगण्याजोगं आहे, आणि ते केलं विस्कॉन्सिनच्या एका लाकूडतोड्या लेफ्टनंट कर्नलने.

दर वसंतात फुगणारी रेड रिव्हर १८६४ मध्ये फुगलीच नाही. माघारी येताना अलेक्झांड्रियाच्या खडकाळ धबधब्यांच्या वर पोर्टरच्या १० गनबोटी अडकल्या. त्यांना ७ फूट पाणी लागे, खडकांवर होतं साडेतीन फुटांच्याही आत. फौज निघून गेली तर बोटी जाळाव्या लागणार होत्या.

जोसेफ बेली घरी असताना लाकडाचे ओंडके वाहून न्यायला नद्या तुंबवत असे. तेच इथे करू, असं तो म्हणाला. बरेच जण हसले. बँक्सने परवानगी दिली आणि सुमारे ३,००० माणसं दिली, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. काम ३० एप्रिलच्या सुमारास सुरू झालं. नदी तिथे ७५८ फूट रुंद, प्रवाह जोराचा.

डाव्या काठाला झाडं भरपूर होती. तिथे मोठी झाडं फांद्यांसकट प्रवाहाच्या दिशेने आडवी टाकून, झुडपं, दगड, विटा भरून सुमारे ३०० फूट बांध पुढे नेला. उजव्या काठाला झाडं कमी, म्हणून ओंडक्यांच्या चौकटी करून त्यात दगड-विटा आणि आसपासच्या साखर कारखान्यांची मोडलेली यंत्रं भरली. मधल्या फटीत कोळशाच्या चार नावा विटा-दगडांनी भरून बुडवल्या. मेन राज्यातल्या लाकूडतोड्यांची पलटण आणि काळ्या पलटणी गळाभर पाण्यात उभ्या राहून दिवसरात्र खपत होत्या. वरच्या खडकांवर पाणी पाच फुटांहून जास्त चढलं.

९ मेच्या पहाटे दाब सहन न होऊन दोन नावा निसटल्या. पोर्टरने घोडा दामटून ‘लेक्झिंग्टन’ला ताबडतोब निघायला सांगितलं. ती फटीतून झोके खात खाली गेली, मागोमाग ‘निओशो’, ‘ओसेज’ आणि ‘हाइंडमन’. उरलेल्या सहा बोटी तयारच नव्हत्या, नाहीतर त्याही गेल्या असत्या. बेलीने तुटलेली फट पुन्हा बुजवायचा नाद सोडला. दाब वाटला जावा म्हणून वरच्या बाजूला दोन्ही काठांवरून आखूड बांध घालून पाणी मधल्या पट्ट्यात दाटवलं. बोटी हलक्या करायला तोफा आणि बाजूचे लोखंडी पत्रे उतरवले. १३ मेपर्यंत सहाही बोटी पार झाल्या.

बेलीला काँग्रेसचे आभार आणि ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला. फौज निघताना अलेक्झांड्रिया शहर जळालं, हेही त्याच आठवड्यातलं.

या सगळ्याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

थेट नाही, पण एकाच दोरीची दोन टोकं आहेत. दक्षिणेची बंदरं बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मागणी मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा माल ‘सुरती’ याच नावाने तिकडे विकला जाई. धागा आखूड, गाठीत कचरा, म्हणून तिथले कामगार कुरकुरत, पण पर्याय नव्हता. रेड रिव्हरकाठी कापूस जळत राहिला, तोवर मुंबईत भाव चढेच होते. प्रेमचंद रायचंद आणि बॅकबे भरावाच्या कंपन्यांचा शेअरबाजार फुगला तो याच वर्षांत. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला आणि १ जुलै १८६५ला वायद्यांची मुदत भरताच मुंबईत पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या.

इतक्या पराभवांनंतर लिंकनने त्याला बडतर्फ का केलं नाही?

सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ हेन्री हॅलेकने एप्रिल १८६४ मध्ये विल्यम शर्मनला लिहिलं की बँक्स, बटलर, मॅक्लर्नंड, झीगल आणि लू वॉलेससारख्यांना महत्त्वाच्या फौजा देणं म्हणजे जवळजवळ खूनच, पण थांबवणं अशक्य दिसतं. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचं होतं. मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर दुखावून चालणार नव्हतं आणि लुइझियानाचं नवं सरकार त्याच्याच हातचं होतं. मग मधला मार्ग निघाला. मे १८६४ मध्ये एडवर्ड कॅन्बीला त्याच्या डोक्यावर नेमलं. बँक्सचं पद राहिलं, रणांगण गेलं. पुढे तो वॉशिंग्टनला जाऊन लुइझियानाच्या मान्यतेसाठी खासदारांच्या गाठीभेटी घेत बसला. काँग्रेसने त्या राज्याचे प्रतिनिधी आत घेतलेच नाहीत. रेड रिव्हरची संसदीय चौकशी झाली, अहवाल त्याच्या विरोधात गेला, शिक्षा काही झाली नाही.

युद्धानंतर काय केलं?

मतदारांना पराभवांचं काही वाटलं नाही. १८६५ मध्येच तो पुन्हा प्रतिनिधीगृहात. परराष्ट्र समितीचा अध्यक्ष म्हणून अलास्काचे ७२ लाख डॉलर मंजूर करून घेण्यात तो पुढे होता. त्या प्रकरणात रशियन पैसा वाटला गेल्याचा संशय त्याच्यावरही होता, पण सिद्ध काही झालं नाही. १८७२ मध्ये हरला, १८७५ ते १८७९ पुन्हा आत, मग मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकेचा मार्शल (केंद्रीय न्यायालयांचे हुकूम बजावणारा अधिकारी) आणि १८८९ ते १८९१ शेवटची मुदत. तोवर स्मरणशक्ती साथ सोडत चालली होती.

त्याचा पुतळा कुठे आहे?

वॉल्थममध्ये. हेन्री हडसन किट्सनने केलेला हा पुतळा आधी बॉस्टनमध्ये राज्याच्या विधिभवनापाशी होता. नंतर गावी हलवला. अंगावर जनरलचा गणवेश आहे, सभापतीचा कोट नाही.